रंग गेला म्हणजे विष गेले काय?

चंचुपात्रात शंभर मिलिलिटर निळे पाणी घ्यावयाचे, त्यात चिमूटभर पांढरी पूड टाकावयाची, पात्र दिव्याखाली किंवा सरळ गच्चीवरच्या उन्हात ठेवून ढवळत राहावयाचे आणि दर पंधरा मिनिटांनी थोडे पाणी काढून वर्णमापक यंत्रात तपासावयाचे. दोन तासांत निळे पाणी नितळ होते. गेल्या वीसेक वर्षांत महाराष्ट्रातील लहान-मोठ्या गावांच्या विज्ञान महाविद्यालयांत हा प्रयोग किती वेळा झाला असेल याची मोजदाद करणे कठीण आहे. नाशिक जिल्ह्यातील सटाणा हे अशाच गावांपैकी एक. तेथील मराठा विद्या प्रसारक समाजाच्या कर्मवीर आबासाहेब तथा ना. म. सोनवणे महाविद्यालयाच्या रसायनशास्त्र विभागातूनही धातूंच्या ऑक्साइडांचे अतिसूक्ष्म कण आणि त्यांच्या साहाय्याने होणारे रंगद्रव्यांचे विघटन या विषयावर शोधनिबंध प्रसिद्ध झाले आहेत. द्राक्षे, डाळिंब आणि कांदा यांच्यासाठी व देवमामलेदारांच्या यात्रेसाठी ओळखल्या जाणाऱ्या तालुक्याच्या गावी बसून जगाच्या विज्ञानव्यवहारात भाग घेता येतो, ही गोष्ट लहान नव्हे. परवापरवापर्यंत अशा संशोधनासाठी पुणे-मुंबई गाठावी लागे.

हे कौतुक मनापासून करून झाल्यावर एक प्रश्न मात्र विचारलाच पाहिजे. पाण्याचा रंग गेला, हे दिसले. पण त्या पाण्यातील विष गेले काय? प्रश्न वरवर पाहता केवळ रसायनशास्त्राच्या प्राध्यापकांचा वाटेल. प्रत्यक्षात तो नदीकाठी राहणाऱ्या प्रत्येकाचा आहे, आणि त्याचे उत्तर ज्या रीतीने आपण आज गृहीत धरतो आहोत ती रीत धोक्याची आहे.

सटाण्याने या विषयात लक्ष घालण्यास भूगोलाचेही कारण आहे. बागलाणच्या डोंगरांतून निघणाऱ्या दोन नद्या या तालुक्याला पोसतात. केळझर धरणाची आरम सटाण्याजवळून वाहत जाऊन गिरणेला मिळते. हरणबारी धरणाची मोसम नामपूरवरून पुढे मालेगावात शिरते आणि तेथे गिरणेत विलीन होते. या नद्यांवरच्या बंधाऱ्यांतून फड पद्धतीने पाणी वाटून घेण्याची व्यवस्था येथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. वरच्याने काय केले याचा हिशेब खालच्याला देण्याची सवय ज्या थोड्या भूभागांना आहे, त्यांपैकी हा एक. मोसम सटाणा तालुक्यातून जाते तोवर ती नदी असते. पस्तीस-चाळीस किलोमीटरवरच्या मालेगावातून बाहेर पडताना तिला नदी म्हणणे हा केवळ शिष्टाचार उरतो. पुढे खालच्या अंगाला गिरणा धरण आहे आणि त्या धरणावर जळगाव जिल्ह्याची शेती व कित्येक गावांचे पिण्याचे पाणी अवलंबून आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ साली देशातील प्रदूषित नदीपट्ट्यांची जी यादी केली, तीत ३५१ पट्टे होते. त्यांतील सर्वाधिक, म्हणजे ५३, एकट्या महाराष्ट्रातील होते आणि गिरणा त्यांत आहे.

आता मालेगावाविषयी बोलताना अन्याय होऊ नये. लाखाहून अधिक यंत्रमाग असलेले हे शहर मुख्यत्वे कोरे कापड विणते. सुताची रंगाई तेथे होते, रंगीत साड्यांची परंपराही जुनी. परंतु मागावरून उतरलेल्या कोऱ्या कापडाचा मोठा भाग रंगाई-छपाईसाठी राजस्थानातील पाली, बालोतरा अशा गावी जातो. म्हणजे मालेगावच्या कापडाच्या रंगाची किंमत बऱ्याच अंशी मारवाडातील बांडी आणि लुणी या नद्या मोजतात. मोसमेच्या दुर्दशेत शहराच्या सांडपाण्याचा वाटा फार मोठा आहे, सायझिंगच्या खळीचा आहे, कचऱ्याचा आहे आणि रंगाचाही आहे. हा तपशील एवढ्यासाठी सांगावयाचा की, ‘रंग’ हा एकच शत्रू मानून लढाई आखली तर ती अर्धीच राहते.

रंगाई म्हणजे पाण्याची उधळपट्टी, हे मात्र खरे. सुती कापड रंगविण्यासाठी जी रंगद्रव्ये आज सर्रास वापरली जातात, ती धाग्याशी रासायनिक बंध जोडतात. पण सगळीच जोडत नाहीत. कधी दहावा, कधी तिसरा हिस्सासुद्धा पाण्यातच राहतो आणि धुलाईबरोबर वाहून जातो. शिवाय रंग धाग्याकडे ढकलण्यासाठी त्या पाण्यात लिटरमागे पन्नास-साठ ग्रॅमपर्यंत मीठ घालावे लागते. खळ, सोडा, साबण हे वेगळेच. जगातील औद्योगिक जलप्रदूषणापैकी सतरा ते वीस टक्के प्रदूषण कापडाच्या रंगाईमुळे होते, असे एक वाक्य जागतिक बँकेच्या नावावर असंख्य शोधनिबंधांच्या प्रस्तावनेत आढळते. ते मूळ कोठून आले याचा माग काढू गेलेल्यांच्या हाती काही लागलेले नाही. तरीही एक निबंध दुसऱ्यातून आणि दुसरा तिसऱ्यातून ते उतरवून घेत असतो. विज्ञानातही आख्यायिका असतात, हे यावरून लक्षात यावे.

पांढऱ्या पुडीची करामत मात्र आख्यायिका नव्हे. टोकियो विद्यापीठातील अकिरा फुजिशिमा आणि केनिची होंडा यांनी १९७२ साली ‘नेचर’ या नियतकालिकात एक आटोपशीर निबंध प्रसिद्ध केला. टायटॅनियम डायॉक्साइडच्या स्फटिकावर प्रकाश पाडून पाण्याचे हायड्रोजन आणि ऑक्सिजन असे पृथक्करण करता येते, हे त्यांनी दाखविले. पुढच्याच वर्षी जगावर तेलाचे संकट कोसळले आणि उन्हापासून इंधन मिळविण्याच्या आशेने सर्वांचे डोळे त्या निबंधाकडे वळले. इंधनाची आशा लवकर फळास आली नाही. पण हाच पदार्थ उजेडात पाण्यातील सायनाइडसारख्या विषाचाही नाश करतो, हे त्याच दशकात सिद्ध झाले आणि संशोधनाला निराळी वाट फुटली.

घडते ते असे. टायटॅनियम डायॉक्साइड किंवा झिंक ऑक्साइड हे अर्धवाहक पदार्थ आहेत. पुरेशा शक्तीचा प्रकाशकण आदळला की त्यांतील एखादा इलेक्ट्रॉन आपली जागा सोडून वरच्या पातळीवर उडी घेतो आणि मागे एक रिकामी जागा राहते. ही रिकामी जागा पाण्याच्या रेणूकडून इलेक्ट्रॉन हिसकावून घेते. त्यातून हायड्रॉक्सिल नावाचा मुक्त मूलक जन्माला येतो. उडालेला इलेक्ट्रॉन इकडे पाण्यात विरघळलेल्या प्राणवायूला चेतवतो. हायड्रॉक्सिल मूलकाचे आयुष्य सेकंदाच्या अब्जांश भागांत मोजावे इतके अल्प, पण तेवढ्यात समोर येईल त्या सेंद्रिय रेणूचा तो लचका तोडतो. अशा लचक्यांची मालिका पूर्ण झाली तर रंगद्रव्याचा कार्बन डायॉक्साइड, पाणी आणि काही साधे क्षार एवढेच उरते. पूड स्वतः खर्ची पडत नाही, म्हणून तिला उत्प्रेरक म्हणावयाचे. ‘पूर्ण झाली तर’ हे शब्द वाचकांनी ध्यानात ठेवावेत.

कण अतिसूक्ष्म का हवेत, याचेही कारण सरळ आहे. सगळा व्यवहार कणाच्या पृष्ठभागावर चालतो. मिलिमीटरचा दहा लाखावा भाग म्हणजे एक नॅनोमीटर; वीस-पंचवीस नॅनोमीटरच्या कणांची एक ग्रॅम पूड घेतली तर तिचे एकूण पृष्ठफळ सुमारे पन्नास चौरस मीटर भरते. दोन खोल्यांच्या घराची जमीन चिमटीत मावावी तसे हे आहे. दोन अडचणी मात्र उरतातच. उडी मारलेले बहुतेक इलेक्ट्रॉन काही काम करण्यापूर्वीच आपल्या रिकाम्या जागी परत येऊन बसतात. दुसरे असे की, या दोन्ही पदार्थांना जागे करण्यास अतिनील किरण लागतात आणि जमिनीवर पोचणाऱ्या उन्हात त्यांचे प्रमाण चार-पाच टक्क्यांहून अधिक नसते. म्हणून मग या ऑक्साइडांत तांबे, लोह, चांदी यांचा अंश मिसळणे, दोन ऑक्साइडांची जोडी लावणे, असे उद्योग चालतात. महाविद्यालयांतील बहुतेक निबंध याच कामाचे असतात आणि त्यात कौशल्य असते, चिकाटी असते.

कसोटीचा प्रश्न येथे उपस्थित होतो. नव्या पुडीचा गुण पाहण्यासाठी बहुसंख्य प्रयोगशाळा मेथिलीन ब्लू हे रंगद्रव्य वापरतात. ते स्वस्त आहे, सहज मिळते, रंग गडद असतो आणि साध्या यंत्रावर मोजता येतो. परंतु परीक्षेसाठी याहून अधिक फसवा उमेदवार सापडणे कठीण. शाळा-महाविद्यालयांतील ‘निळ्या बाटली’चा प्रयोग अनेक शिक्षकांना ठाऊक असेल. बाटलीत अल्कलीयुक्त पाणी, ग्लुकोज आणि थोडे मेथिलीन ब्लू घालून ठेवले की काही मिनिटांत निळा रंग नाहीसा होतो. बूच लावून बाटली हलवली की हवेतील प्राणवायू पाण्यात मिसळतो आणि रंग परत येतो. विद्यार्थी टाळ्या वाजवितात. त्या बाटलीत रंगाचा रेणू मोडलेला नसतो. त्याने फक्त रूप बदललेले असते. रंग न दिसणे आणि द्रव्य नसणे या दोन गोष्टी एक नव्हेत, एवढाच त्या प्रयोगाचा धडा आहे, आणि पदव्युत्तर प्रयोगशाळेत शिरताना आपण तो बाहेर ठेवून जातो.

दुसरी फसगत याहून सूक्ष्म आहे. रंगद्रव्य म्हणजेच प्रकाश शोषणारा पदार्थ. पुडीने दृश्य प्रकाश शोषलाच नाही तरी रंगद्रव्य तो शोषते, स्वतः चेतते आणि आपला इलेक्ट्रॉन पुडीला देऊन स्वतःच विद्रूप होते. रंग उडतो, श्रेय मात्र पुडीच्या नावावर जमा होते. त्याच पुडीसमोर बिनरंगी विषारी द्रव्य ठेवले तर ती ढिम्म हलणार नाही, अशी दाट शक्यता असते. दृश्य प्रकाशात चालणाऱ्या उत्प्रेरकांची परीक्षा मेथिलीन ब्लूने घेऊ नये, असा इशारा या क्षेत्रातील जाणकारांनी वारंवार दिलेला आहे. तरीही परीक्षा तीच, उमेदवार तोच आणि निकाल ‘नव्वद टक्क्यांहून अधिक’ हाच. रंग घालविण्यास तास-दोन तास पुरतात; त्याच पाण्यातील सेंद्रिय कार्बन घालविण्यास त्याच्या कितीतरी पट वेळ लागतो. आलेखात पहिली रेघ सर्वत्र असते. दुसरी रेघ फार थोड्या निबंधांत दिसते.

उरलेल्या बिनरंगी द्रव्याने काय मोठे बिघडते, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर इतिहासात आहे. रंगाच्या कारखान्यांतील कामगारांना मूत्राशयाचा कर्करोग होतो, हे जर्मन शल्यविशारद लुडविग रेन यांनी १८९५ सालीच निदर्शनास आणले. पुढील संशोधनाने दोष ज्यांच्यावर आला, ती बेंझिडीनसारखी अमाइने होती. आज वापरात असलेली निम्म्याहून अधिक कृत्रिम रंगद्रव्ये अझो वर्गातील आहेत आणि त्यांतील काहींचा रेणू मधोमध तुटला की नेमकी अशी अमाइने बाहेर पडतात. नदीच्या तळच्या गाळात, जेथे प्राणवायू पोचत नाही, तेथे जिवाणू ही तोडफोड करीत असतात. पाणी त्यामुळे फिकट होते आणि अधिक घातक होते. आपल्या सरकारने १९९३ मध्ये बेंझिडीनपासून बनणारी आणि १९९७ मध्ये आणखी अनेक अझो रंगद्रव्ये हाताळण्यास बंदी घातली, ती याच कारणाने. प्रकाश-उत्प्रेरणाचा मार्ग गाळातील जिवाणूंहून वेगळा आहे आणि शेवटपर्यंत गेला तर तो अमाइनांचाही नाश करतो. मध्येच थांबला तर काय उरते, हे मात्र मोजल्याशिवाय सांगता येत नाही.

यापुढचा मुद्दा रसायनशास्त्राचा नाही. रंग हा सामान्य माणसाच्या हाती असलेला एकमेव पुरावा आहे. २०१७ च्या ऑगस्टमध्ये नवी मुंबईजवळच्या तळोजा औद्योगिक वसाहतीत भटकी कुत्री निळी झालेली दिसली. त्या वसाहतीजवळून वाहणाऱ्या कासाडी नदीविषयी मच्छीमार आधीपासून तक्रार करीतच होते. पण देशभर छायाचित्रे झळकली ती निळ्या कुत्र्यांची, आणि संबंधित कारखान्यावर प्रदूषण मंडळाला कारवाई करावी लागली. २०२० च्या फेब्रुवारीत डोंबिवलीच्या औद्योगिक भागातील रस्ता गुलाबी झाला, तेव्हा खुद्द मुख्यमंत्री पाहणीस आले. हीच द्रव्ये रंगहीन असती तर कुत्र्यांना रोग झाला असता आणि रस्ता फक्त ओला दिसला असता. उलट बाजूचे उदाहरण इचलकरंजीचे. तेथे पंचगंगेच्या रंगीत पाण्याविषयी वर्षानुवर्षे ओरड होत आली. पण २०१२ साली त्या शहरात काविळीच्या साथीने माणसे दगावली, ती मैलापाण्यातून पसरणाऱ्या विषाणूमुळे. विषाणूला रंग नसतो.

आता कल्पना करावी की, एखाद्या रंगाईघराला स्वस्तात पाण्याचा केवळ रंग घालविण्याचे साधन मिळाले. अशी साधने आजही आहेत. ब्लीचिंगचे द्रावण ओतले तरी पुष्कळ रंग फिके पडतात आणि त्यातून क्लोरीनयुक्त नवीच द्रव्ये तयार होतात. नाल्याचे पाणी स्वच्छ दिसू लागेल, शेतकऱ्याची तक्रार बंद होईल, वार्ताहराच्या छायाचित्राला विषय उरणार नाही. गुन्हा तसाच राहील. साक्षीदार नाहीसा होईल. ज्या संशोधनाचे यश केवळ रंगाच्या टक्क्यांत मोजले जाते, ते नकळत याच कामाला हातभार लावील, ही आमची भीती आहे.

कायद्याला हे अंतर माहीत आहे. जलप्रदूषणाचा कायदा करण्यात महाराष्ट्र केंद्राच्याही पुढे होता. केंद्राचा कायदा १९७४ चा, आपला १९६९ चा. कापड उद्योगाच्या सांडपाण्यासाठी २०१६ साली ठरविलेल्या मानकांत रंगाची मर्यादा १५० एककांची आहेच, पण तिच्यासोबत सी.ओ.डी. म्हणजे रासायनिक प्राणवायूची मागणी लिटरमागे २५० मिलिग्रॅम, विरघळलेले क्षार २,१०० मिलिग्रॅम, शिवाय क्रोमियम, सल्फाइड, फिनॉल अशी लांबलचक यादी आहे. रंग ही त्या यादीतील एक ओळ आहे. तामिळनाडूतील तिरुपूरला हे फार महाग पडून कळले. होजिअरीच्या त्या नगरीचे सांडपाणी नोय्यल नदीतून ओरथुपालयम धरणात साचत गेले. १९९२ साली सिंचनासाठी बांधलेल्या धरणाचे पाणी शेतकऱ्यांनाच नकोसे झाले. तेथे मुख्य तक्रार मिठाची होती. अखेर २०११ च्या जानेवारीत मद्रास उच्च न्यायालयाने तेथील रंगाई कारखाने सरसकट बंद करण्याचा आदेश दिला. मीठ मोडता येत नाही. जगातील कोणतीही पूड आणि कितीही ऊन सोडियम क्लोराइडला हात लावू शकत नाही.

मिठाचा आणखी एक उपद्रव आहे आणि तो थेट आपल्या विषयाशी येऊन भिडतो. प्रयोगशाळेतले निळे पाणी म्हणजे ऊर्ध्वपातित पाणी आणि लिटरमागे दहा मिलिग्रॅम रंग. रंगाईघराच्या नाल्यातले पाणी म्हणजे मीठ, सोडा, खळ, साबण आणि तीन-चार रंगांचा एकत्र काढा. त्यातील क्लोराइड व कार्बोनेट हे हायड्रॉक्सिल मूलकांना रंगापर्यंत पोचण्याआधीच गिळून टाकतात. खळ पुडीच्या कणांवर थर धरते. पाणी इतके गढूळ असते की ऊन वरच्या बोटभर थराखाली उतरत नाही. गादीवर कुस्ती जिंकलेला मल्ल चिखलात उतरविण्यासारखे हे होईल. याचा अर्थ ही विद्या कुचकामाची असा नाही. तिची जागा शेवटी आहे. चुना-तुरटीने गाळ बसविल्यावर, जिवाणूंच्या टाकीतून पाणी गेल्यावर जो चिवट, विरळ अंश उरतो तो संपविण्यासाठी ती उपयोगी पडू शकते, आणि चुना-तुरटीप्रमाणे ती मागे गाळाचे ढीगही ठेवीत नाही. स्पेनमधील अल्मेरिया येथील सौर संशोधन केंद्रात १९९० च्या दशकापासून उघड्या उन्हात, मोठ्या नळ्यांतून असे प्रयोग झाले आहेत. आपल्याकडे ऊन तरी त्यांच्यापेक्षा कमी नाही.

आणि ती पूड? पाणी शुद्ध झाल्यावर तिचे काय करावयाचे, हे बहुतेक निबंधांत एका वाक्यात आटोपलेले असते. प्रयोगशाळेत अपकेंद्री यंत्राने दहा मिनिटांत ती तळाशी बसते. दिवसाला लाखो लिटर पाणी सोडणाऱ्या कारखान्यात असे यंत्र कोण चालविणार? पंचवीस नॅनोमीटरचे कण साध्या गाळणीत अडकत नाहीत. झिंक ऑक्साइड तर आम्लयुक्त पाण्यात विरघळते, प्रकाशातही हळूहळू झिजते आणि सुटलेले जस्त जलचरांना बाधते. रंगाऐवजी नदीत जस्त सोडण्याला प्रगती म्हणता येणार नाही. काचेवर किंवा फरशीवर पुडीचा पक्का लेप बसवून त्यावरून पाणी सोडणे हा त्यावरील उपाय. त्यात वेग कमी होतो, टक्के उतरतात आणि म्हणूनच कदाचित निबंध कमी लिहिले जातात.

दोष प्राध्यापकांना देऊन मोकळे होणे सोपे आहे. त्यांना पदोन्नतीसाठी निबंध हवेत. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० साली गुणांकाची पद्धत आणली, तेव्हापासून निबंधांची मोजणी हा शिक्षकाच्या आयुष्याचा भाग होऊन बसला आहे. महाविद्यालयाच्या मूल्यांकनातही तीच संख्या मागितली जाते. मेथिलीन ब्लूने निबंध सहा महिन्यांत होतो. नाल्याचे पाणी आणले की आज एक निकाल, उद्या दुसरा. सणाच्या हंगामात वेगळा रंग, मंदीत वेगळा. अशा अस्ताव्यस्त आकड्यांचा निबंध परदेशी नियतकालिकाचा परीक्षक परत पाठवितो. त्यातून सेंद्रिय कार्बन मोजण्याचे यंत्र लाखो रुपयांचे, ते तालुक्याच्या महाविद्यालयाने आणावे कोठून? शुद्ध संशोधनाला तात्काळ उपयोगाची अट घालू नये, हेही आम्हांस मान्य आहे. फुजिशिमांनी रंगाईघरांचा विचार केला नव्हता. पण ज्या निबंधाचे पहिलेच वाक्य नदीच्या प्रदूषणाविषयी असते, त्याने नदीचे पाणी एकदा तरी पाहिलेले असावे, ही अपेक्षा अवास्तव म्हणता येईल काय?

शिवाय महागड्या यंत्रावाचून सर्वच अडते, असेही नाही. सी.ओ.डी. काढण्यास पोटॅशियम डायक्रोमेट, गंधकाम्ल, दोन तासांची उष्णता आणि ब्युरेट लागते. विज्ञान शाखेच्या तिसऱ्या वर्षाचा विद्यार्थी ते शिक्षकांच्या देखरेखीखाली करू शकतो. रंगाच्या आलेखाशेजारी सी.ओ.डी.चा आलेख काढावयाचा, एवढ्याने निम्मे पितळ उघडे पडेल किंवा निम्मे सोने सिद्ध होईल. विषारीपणाची कसोटी तर बागलाणच्या चाळींत भरून पडली आहे. स्वीडनमधील अल्बर्ट लेव्हान यांनी १९३८ साली कांद्याच्या मुळांवर रसायनांचा परिणाम तपासण्याची पद्धत रूढ केली आणि ती आजही जगभर मानली जाते. कांद्याचा बुडखा तपासावयाच्या पाण्यात टेकवून ठेवावयाचा आणि मुळे किती वाढली, हे साध्या पाण्यातील कांद्याशी ताडून पाहावयाचे. पेशींतील बिघाड पाहण्यास एक साधा सूक्ष्मदर्शक पुरतो. रंगीत पाणी, पुडीने प्रक्रिया केलेले बिनरंगी पाणी आणि विहिरीचे पाणी अशा तीन पेल्यांवर तीन कांदे ठेवले तर निळ्या पाण्याचे खरोखर काय झाले, ते कांदाच सांगेल. या तालुक्यातील शेतकऱ्याला तो निकाल समजावून सांगण्यासाठी भाषांतरकाराची गरज पडणार नाही.

यंत्रमागधारकांची आणि लहान रंगाईवाल्यांची बाजूही यात आहे. गजामागे पैशांत मोजावे इतक्या नफ्यावर चालणाऱ्या धंद्याला स्वतंत्र शुद्धीकरण केंद्र परवडत नाही. सामुदायिक केंद्रे निघतात ती क्षमतेच्या, देखभालीच्या आणि वीजबिलाच्या वादांत अडकतात. अशा माणसाला प्रयोगशाळेतील नव्वद टक्क्यांचा उपयोग नाही. एक हजार लिटर पाण्याला किती खर्च येईल, पूड किती वेळा वापरता येईल आणि ढगाळ दिवशी काय करावयाचे, एवढे तीन प्रश्न तो विचारील. सटाणा, मालेगाव आणि नाशिक येथील महाविद्यालयांनी आपसांत मिळून या प्रश्नांची उत्तरे शोधावयाची ठरविली, तर त्यासाठी विद्यापीठाने निबंधाइतकेच गुण द्यावेत.

त्याची सुरुवात फार खर्चाची नाही. सटाण्याच्या महाविद्यालयात बागलाणातील मुले शिकतात, मालेगावच्या महाविद्यालयांत मोसमेकाठची. महिन्यातून एकदा नामपूरजवळ, मालेगावच्या पुलाखाली आणि संगमाच्या खाली अशा तीन ठिकाणी बाटल्या भरावयाच्या, त्यांवर तारीख व वेळ लिहावयाची, त्यांतील एक भाग तसाच तपासावयाचा आणि दुसरा आपल्या पुडीसह उन्हात ठेवून मग तपासावयाचा: रंग, सी.ओ.डी., क्षार आणि कांद्याची मुळे. वर्षाकाठी छत्तीस बाटल्या होतात. त्यांचे आकडे, चांगले निघोत की वाईट, इंग्रजी नियतकालिकाकडे जाण्यापूर्वी मराठीत छापून दोन्ही नगरपालिकांच्या व ग्रामपंचायतींच्या फलकांवर लावावेत. मालेगाव आता महानगरपालिका आहे. तिच्या फलकावर जागा थोडी अधिकच असेल.